हिरोशिमाला एक रात्र तरी राहाच

ओसाकात पाच दिवस मुक्काम, त्यातल्या एका दिवसात हिरोशिमा करून परत यायचं, आणि बरोबर शाकाहारी आई. जमेल का, असं विचारलंयत. जमेल. शिन-ओसाकाहून शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, साधारण दीड तासात पोचवते. पहिल्या खेपेला मी तेच केलं. संग्रहालय आणि मियाजिमा बेट एका दिवसात कोंबलं, बेटावर पोचलो तर नेमकी ओहोटी. समुद्रात उभा म्हणून फोटोत पाहिलेला तो लाल तोरी, म्हणजे देवळाचा दरवाजा, चिखलात उभा होता!

म्हणून दुसऱ्या खेपेला राहिलो. सकाळी शांती संग्रहालय. तिकीट फक्त २०० येन, पण मन घट्ट करून जा. ६ ऑगस्ट १९४५ ला सकाळी सव्वाआठला काय झालं ते आपल्याला पाठ असतं. तिथे मात्र एका शाळकरी मुलाचा जेवणाचा डबा दिसतो, आतलं अन्न कोळसा झालेलं. मी त्यापुढे बराच वेळ हललो नाही. आईंना दमवायचं नसेल तर आतली चक्कर छोटी ठेवा आणि बाहेर नदीकाठी बसा. समोर अणुबॉम्बचा घुमट, म्हणजे स्फोटानंतर उरलेला इमारतीचा सांगाडा. ती मूळ १९१५ ची इमारत, आराखडा यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाचा.

तिथून पुढे लगेच देखावे बघायला धावू नका. ट्राममध्ये बसा. बॉम्ब पडल्यावर तीनच दिवसांत इथे एका टप्प्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली होती. शुक्केइएन बागेतही जा. १६२० ची बाग, बॉम्बमध्ये जळली, पण तिथलं एक कललेलं गिंकोचं झाड अजून उभं आहे.

संध्याकाळी ओकोनोमियाकी, म्हणजे तव्यावरचं जपानी धिरडं. ओसाकात खाल्लं असेल तरी इथलं वेगळं. तिकडे सगळं पिठात कालवतात, इथे थर लावतात. तव्यावर धिरड्याइतकं पातळ पीठ, त्यावर कोबीचा हा एवढा ढीग, मोड आलेली कडधान्यं, डुकराच्या मांसाचे काप. मग सगळं उलटायचं, खाली नूडल्स, शेवटी अंडं, वर गोडसर दाट सॉस. कोबी आपल्याच वाफेवर शिजून बसतो. काउंटरवर बसा आणि छोट्या उलथन्याने तव्यावरूनच खा. ओकोनोमिमुरा या इमारतीत मजल्यामजल्यांवर असेच गाळे आहेत.

आईंसाठी मात्र हे नाही. नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. पिठावर बऱ्याचदा माशाची पूड भुरभुरतात, सॉसमध्ये बऱ्याचदा प्राणिज अर्क असतो आणि तवा तोच. घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्याच. एरवी उमेबोशीचा, म्हणजे खारट-आंबट प्लमचा, भातगोळा किराणा दुकानात मिळतो, पण वेष्टनावरचे घटक फोनवर भाषांतर करून बघा. मेपलच्या पानाच्या आकाराचं मोमिजी मांजू आत लाल चवळीसारख्या बियांचं गोड सारण घेऊन येतं, पुरणाचीच आठवण होते. वरच्या केकमध्ये अंडं असतं, ते आईंना चालतं का ते विचारून घ्या.

दुसरा दिवस पूर्ण मियाजिमाला. बोट दहा मिनिटांची, वर बेटाचा कर १०० येन. आदल्या रात्री भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा. दोन्ही वेळा उजेडात सापडल्या तर आधी दरवाजा पाण्यात बघता येतो, मग त्याच्या खालून चालता येतं. आताचा दरवाजा १८७५ चा, कापराच्या लाकडाचा, सोळा मीटरच्या आसपास उंच. त्याचे खांब जमिनीत खोल पुरलेले नाहीत, तो स्वतःच्या वजनावर उभा आहे.

आणि तिथे रस्त्यावर भाजलेली कालवं मिळतात. मी कोकणातला, खडकावरून ठोकून काढलेली इवलीशी कालवं खाल्लेला; तिथलं एकेक तळहाताएवढं! थंडीत जाणार असाल तर लिंबू पिळून दोन तरी खाच. बेटावर मोकळ्या फिरणाऱ्या हरणांपासून मात्र कागद जपा. माझा नकाशा त्यांनी खाल्ला.