ठोके १०४ वरच अडतात, मग व्यायाम वाया जातो का?

प्रश्न : वय ६२. मार्चमध्ये अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसला. मेटोप्रोलॉल, रामिप्रिल, रोसुवास्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. नंतर गोळ्या घेऊनच ट्रेडमिल टेस्ट केली. ठोके ११८ पर्यंत गेले, रिपोर्ट चांगला आला. आता डॉक्टरांच्या परवानगीने पहाटे अजिंक्यतारा चढतो. मुलानं दिलेल्या घड्याळात बसल्या जागी ठोके ५६ दिसतात आणि चढावर १०४ च्या पुढे जात नाहीत. २२० मधून वय वजा केलं तर जास्तीत जास्त ठोके १५८ येतात ना? माझ्याच वयाचा मित्र बीपीसाठी फक्त अ‍ॅम्लोडिपिन घेतो, त्याचे १३५ होतात. तो म्हणतो, "तुला व्यायाम लागतच नाही." सकाळची मेटोप्रोलॉल गड उतरल्यावर घेतली तर चालेल का? शिवाय वर पोचून लगेच कट्ट्यावर टेकलो की डोळ्यांपुढे अंधारी येते.
— एक वाचक, सातारा

उत्तर : गोळीचं आधी सांगतो. घड्याळातला आकडा वाढावा म्हणून ती मागे ढकलू नका. चढावर हृदयाला सगळ्यात जास्त काम पडतं, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही तिचं संरक्षण काढून घ्यायला निघाला आहात. मनानं अचानक बंद केली तर छातीत दुखणं उसळून येऊ शकतं. वेळ बदलायचीच असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून बदला.

मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर. आपण चढायला लागलो की अ‍ॅड्रेनॅलिन हृदयाला "पळ" म्हणून हुकूम सोडतं. ही गोळी तो हुकूम निम्म्या वाटेत अडवते. हृदयाला प्राणवायू कमी लागावा, एवढ्याच हेतूनं जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात या जातीचं प्रोप्रानोलॉल तयार केलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे ठोके न वाढणं हाच गोळीचा गुण. स्नायूंना रक्त पोचतंच, कारण हृदय प्रत्येक ठोक्याला थोडं जास्त रक्त ढकलतं. दम वाढतो, घाम येतो, पायांना कस लागतो. व्यायाम "लागतो" तो असा.

मित्राची अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करते, ठोक्यांना लगाम घालत नाही. तेव्हा त्याचे १३५ त्यालाच लखलाभ.

आता हिशेब. २२० वजा वय हे सूत्र बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांसाठी नाही. तुमचं छत १५८ नव्हे, ट्रेडमिलवरचं ११८. त्यातून बसल्या जागचे ५६ वजा केले की ६२ उरतात. बहुतेक हृदयरुग्णांना आम्ही सुरुवातीला या फरकाच्या ४० ते ७० टक्के एवढा जोर लावायला सांगतो. म्हणजे तुमच्यासाठी ठोके साधारण ८१ ते ९९. तुम्ही १०४ ला पोचता, म्हणजे ७७ टक्क्यांवर. ज्याला तुम्ही कमी समजून कष्टी होता, तो आकडा थोडा जास्तच आहे! चाल जरा मंद करा. आणि ओपीडीत घड्याळाचा आलेख दाखवणाऱ्यांना मी एकच विचारतो, "चढताना बोलता येत होतं का?" शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, इतपत दम योग्य. गोळीचा डोस बदलला की छतही बदलतं. ही परीक्षा मात्र तीच राहते.

अंधारीकडे दुर्लक्ष नको. चढताना पायांतल्या रक्तवाहिन्या फुललेल्या असतात आणि पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. तुम्ही टेकलात की तो पंप थांबतो, रक्त पायांत साठतं. त्यात रामिप्रिलनं बीपी उतरवलेलं आणि मेटोप्रोलॉलमुळे ठोके झटकन वाढून सावरायला येत नाहीत. वर पोचल्यावर पाच-दहा मिनिटं सपाटीवर रमतगमत फिरा, मग बसा. घरी येऊन लगेच कढत पाण्यानं अंघोळही नको. एवढं करूनही अंधारी आली, किंवा बसल्या जागी ठोके ५० च्या खाली जाऊन गरगरलं, तर डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करावा लागेल. आणि चढताना छातीवर दाब आला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर तिथंच थांबा. विश्रांतीनंतर काही मिनिटांत थांबलं नाही तर थेट हॉस्पिटल गाठा. गडावर एकट्यानं जात असाल तर मोबाइल खिशात हवा. घड्याळ घरी विसरलं तरी चालेल.