मशीन आहेच, मग अ‍ॅब्लेशन कशाला?

प्रश्न : माझा मुलगा ३६ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी पहाटे झोपेत त्याच्या घशातून विचित्र घरघर यायला लागली. सून छाती दाबत राहिली म्हणून वाचला. ब्रुगाडा सिंड्रोम, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवणारा जन्मजात आजार निघाला. ठोके बिघडले की शॉक देणारं मशीन, आयसीडी, बसवलं. या पावसाळ्यात मशीननं चार शॉक दिले, आता डॉक्टर अ‍ॅब्लेशन करू, म्हणजे हृदयातली बिघाडाची जागा जाळू म्हणतात. माझ्या भाच्याचं झालं होतं : मांडीतून नळी, दुसऱ्या दिवशी घरी, गोळ्याही बंद. मग याचं मशीन काढता येईल ना? माझे धाकटे दीर ३९व्या वर्षी झोपेतच गेले. गावात 'बाहेरचं' म्हणाले. नात पाच वर्षांची आहे.
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, आधी सुनेला माझा नमस्कार सांगा. मशीन त्यानंतर आलं, जीव तिनं वाचवला.

भाच्याचं आणि मुलाचं अ‍ॅब्लेशन नावापुरतंच एक. भाच्याच्या हृदयात बहुधा जन्मापासून एक जादा वायर होती. ती जाळली, विषय संपला. मुलाचा दोष जनुकातला, म्हणजे पेशीपेशीतला. तोडायला एक वायर नाही. पण खोड्या बहुतेक एकाच ठिकाणी चालतात : उजव्या कप्प्यातून रक्त फुप्फुसाकडे निघतं त्या वाटेवर, आणि तेही हृदयाच्या बाहेरच्या अंगाला. निरोगी जागी विजेचा संकेत एका झटक्यात उठतो आणि बसतो. इथे तो खड्ड्यांतून जाणाऱ्या एसटीसारखा हेलकावे खात, तुकड्यातुकड्यांनी, उशिरा पोचतो. ठोके बिघडतात ते इथून.

म्हणून सुई मांडीत घालून भागत नाही. छातीच्या मधल्या हाडाखालून ती हृदयाभोवतीच्या पिशवीत न्यावी लागते. टेबलावरच अजमलिनसारखं औषध देतात, म्हणजे लपलेला भागही नकाशावर उघडा पडतो. मग तेवढी जागा जाळायची. ईसीजीत व्ही-१, व्ही-२ या छातीवरच्या चिकट्यांखाली दिसणारी या आजाराची खूण, तो डोंगरउतार, सपाट झाला, की हात थांबवायचा. नंतर काही दिवस खोल श्वास घेताना छातीत दुखतं. पिशवीत रक्त साठण्याचा धोका असतो, हृदयाची धमनीही शेजारीच असते. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा, 'बाहेरून अ‍ॅब्लेशन तुम्ही स्वतः किती केलीत?' यात संकोच कसला!

मशीन मात्र राहणार. अ‍ॅब्लेशन शॉकची वेळ कमी येऊ देतं, मशीन उरलेल्या एका रात्रीसाठी असतं. माझा एक पेशंट शॉकच्या धास्तीनं खुर्चीत बसून रात्र काढायचा. अ‍ॅब्लेशननंतर आडवा झोपायला लागला, मशीन अजून छातीत आहे. क्विनिडिन ही गोळीही अशा शॉकवर चालते. सिंकोनाच्या सालीतलं जुनं औषध, क्विनाईनचं भावंड. पण मिळवताना दमछाक होते.

दिरांबद्दल. थायलंडमध्येही तरुण पुरुष असेच झोपेत जायचे. विधवेचं भूत नेतं म्हणत, आणि पुरुष भुताला फसवायला बायकी कपडे घालून झोपत. पेद्रो आणि जोसेप या ब्रुगाडा भावांनी या आजाराचा ईसीजी १९९२ मध्ये जगापुढे मांडला. आणि बाहेरून जाळायची ही पद्धत पुढे आली ती त्याच थायलंडमधून. बँकॉकच्या डॉ. नादेमनींनी २०११ मध्ये वारंवार शॉक बसणाऱ्या नऊ रुग्णांवरचा अनुभव छापला. दिरांना काय झालं हे आता सिद्ध करता येणार नाही. पण माझा संशय 'बाहेरच्या'वर नाही.

चार शॉक पावसाळ्यातच का, हा प्रश्न मला जास्त सतावतोय. त्या दिवसांत ताप होता का? तापात या पेशींतली, विजेचा संकेत उठवणारी सोडियमची दारं आणखी कुचकामी होतात. अंग गरम लागलं की पॅरासिटामॉल लगेच द्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. कोणतंही नवं औषध, भूल देतानाचंसुद्धा, देणाऱ्याला आजार सांगूनच घ्यायचं.

नातीत हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी. तिचा साधा ईसीजी काढा, आणि ताप आला तर तापातच पुन्हा काढा. व्ही-१, व्ही-२चे चिकटे एक-दोन बरगड्या वर लावायला सांगा, नेहमीच्या जागी कधीकधी काहीच दिसत नाही. औषध देऊन करायची चाचणी इतक्या लहान वयात सहसा पुढे ढकलतात. मुलाच्या वडिलांचा आणि सख्ख्या भावंडांचाही ईसीजी काढाच, तुमचाही. दिरांना मुलं असतील तर त्यांना आजच फोन करा.