पायी प्रवासातला थांबण्याचा दिवस

प्रश्न : मी आणि माझा मित्र गावाकडच्या वाटांनी १४ दिवसांच्या पायी प्रवासाला निघणार आहोत. रोज सुमारे २० किलोमीटरची मजल ठरवली आहे. मध्ये एक दिवस पूर्ण थांबावे, असे मला वाटते. मित्राच्या मते एकदा थांबले की पाय आखडतात आणि पुन्हा चालणे जड जाते. थांबणे खरोखर आवश्यक आहे का? असल्यास केव्हा थांबावे?

उत्तर : आपल्या मित्राचा अनुभव खरा आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. चालताना, विशेषतः उतारावर, स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि तिचे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. म्हणजे पाय थांबल्यामुळे आंबत नाहीत. ते आधीच आंबलेले असतात, थांबल्यावर ते कळते. हे दुखणे काही दिवसांत ओसरते, त्याची मला फारशी चिंता वाटत नाही.

चिंता वाटते ती हाडांची. हाडावर पुन्हा पुन्हा ताण आला की शरीर तिथला जुना भाग आधी काढून टाकते आणि मग नवा भरते, त्यामुळे मधल्या काळात ते हाड कमजोर असते. त्याच काळात रोजची चाल तशीच रेटली, तर पंजाच्या लांब हाडांना बारीक तडा जाऊ शकतो. लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या अशा सुजलेल्या पायांचे वर्णन प्रशियाच्या सैन्यातील डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्येच केले होते, मात्र त्यामागे मोडलेले हाड असते हे क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतरच दिसले.

म्हणून रोज संध्याकाळी मोजे काढल्यावर पंजाच्या वरच्या बाजूने आणि नडगीच्या आतल्या कडेने अंगठ्याने दाबत जावे. दुखणे पसरट असेल आणि सकाळी चालता चालता मोकळे होत असेल, तर ते बहुधा स्नायूंचे. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल आणि चालल्यावर ती वाढत असेल, तर वेळापत्रक काहीही सांगो, चाल थांबवून डॉक्टरांना पाय दाखवावा. एका प्रवासात नडगीच्या अशाच दुखण्याकडे मी तीन दिवस दुर्लक्ष केले आणि उरलेला अर्धा प्रवास सोडून परतलो, याची हळहळ मला आजही वाटते.

विश्रांतीसाठी बरोबर मधला, सातवा दिवस ठेवू नये. चौथा किंवा पाचवा ठेवावा, कारण फोड आणि नडगीच्या तक्रारी बहुधा सुरुवातीच्या दिवसांतच डोके वर काढतात. शक्य असल्यास आणखी एक दिवस तारीख न ठरवता हाताशी राखावा.

त्या दिवशी दिवसभर परिसर पाहत हिंडणे ही विश्रांती नव्हे. पाठीवर ओझे न घेता, सैल चपला घालून सपाट वाटेवर अर्धा तास फिरणे पुरे. जेवण मात्र कमी करू नये, कारण स्नायूंतला संपलेला साखरेचा साठा भरून यायला एक दिवस सहज लागतो. मोजे उलटे करून शिवणीत अडकलेली कुसळे काढावीत, बुटांतले तळवे बाहेर काढून वाळवावेत. फोडावरची कातडी सोलू नये. खालच्या कोवळ्या त्वचेला तिच्याइतके चांगले आवरण दुसरे नाही.

दुसऱ्या दिवशी पाय आखडलेले वाटतीलच. पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चालावे आणि त्या दिवसाची मजल १५ किलोमीटरच्या आतच ठेवावी, म्हणजे आपल्या मित्राचीही तक्रार राहणार नाही.