आणीबाणी ‘वाढवली’ की ‘कायम ठेवली’?

प्रश्न असा आहे: कोरोनाकाळातली लॉस एंजेलिसची एक बातमी मराठीत आणताना ‘सिटी कौन्सिल एक्स्टेंड्स लोकल इमर्जन्सी’ या मथळ्याचं ‘नगरपरिषदेने स्थानिक आणीबाणी वाढवली’ असं केलं. संपादकांनी त्यावर रेघ ओढली, कारण सांगितलं नाही. चारही शब्द मराठीत रुळलेले आहेत, मग खटकलं काय? ‘आणीबाणी’ तर नव्हे?

मला विचाराल तर चारातले तीन शब्द खटकतात. ज्यावर प्रश्नकर्त्यांचा स्वतःचा संशय आहे, ती ‘आणीबाणी’ त्यातल्या त्यात निर्दोष. शेवटच्या शब्दापासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथे आहे.

‘वाढवणे’ हे क्रियापद कशाला लागलंय त्यावर त्याचा अर्थ ठरतो. सुट्टी वाढवली म्हणजे दिवस वाढले. पाणीकपात वाढवली म्हणजे दहा टक्क्यांची वीस टक्के झाली. कपात आणखी महिनाभर चालणार असेल तर आपण तसं वेगळं सांगतो. भाडं वाढवलं म्हणजे रक्कम, भाडेकरार वाढवला म्हणजे काळ. संचारबंदी वाढवली म्हटलं की विचारावंच लागतं: तास वाढले, दिवस वाढले की आणखी दोन पेठा आत घेतल्या? ज्याची लांबी दिवसांत मोजायची सवय आहे ते काळात वाढतं, ज्याची तीव्रता मोजतो ते तीव्रतेत वाढतं. २०२० मध्ये ‘लॉकडाऊन वाढला’ हे कुणालाच संदिग्ध वाटलं नाही, कारण तो शब्द आपल्याकडे आला तोच तारखा घेऊन: आधी १४ एप्रिल, मग ३ मे, मग १७ मे, मग ३१ मे. आणीबाणीला अशी तारीख चिकटलेली नाही. ‘आणीबाणी वाढवली’ वाचणाऱ्याला आधी निर्बंध कडक झाल्यासारखं वाटतं. लॉस एंजेलिसमध्ये त्या ठरावाने तसं काहीच झालं नव्हतं.

मग ‘मुदतवाढ दिली’ म्हणावं का? बहुतेक अनुवादक तेच करतील, आणि शब्द आहेच फर्मास. निविदेला मुदतवाढ, विवरणपत्राला मुदतवाढ, प्रशासकाला मुदतवाढ. सरकारी मराठीत जन्मलेला असूनही चहाच्या टपरीवर चालणारा असा दुसरा शब्द पटकन सापडणार नाही. पण मुदतवाढ द्यायला आधी मुदत असावी लागते. तेव्हा शब्द निवडण्याआधी तिथला कायदा बघायला हवा.

कॅलिफोर्नियाचा कायदा असा आहे: शहराने नेमलेल्या अधिकाऱ्याने स्थानिक आणीबाणी जाहीर केली, तर सात दिवसांच्या आत शहराच्या सभागृहाने त्यावर शिक्का मारावा लागतो, नाही मारला तर ती आपोआप संपते. (आपल्या महापालिकांच्या कामकाजात याला नेमका शब्द आहे, ‘कार्योत्तर मंजुरी’. ‘अनुसमर्थन’ वगैरे जडजंबाल लिहायची गरजच नाही.) एकदा ती मंजुरी मिळाली की पुढे शेवटची तारीख नाही. कायदा एवढंच म्हणतो की दर साठ दिवसांत निदान एकदा सभागृहाने बघावं, हे अजून चालू ठेवायची गरज आहे का. आणि परिस्थिती निवळली की लवकरात लवकर ते संपवावं. म्हणजे साठाव्या दिवशी जे होतं ते पुनर्विलोकन. सभागृहाने ‘हो, गरज आहे’ म्हटलं की आणीबाणी ‘कायम ठेवली’. इंग्रजी मथळेवाल्यांना ‘एक्स्टेंड’ सुटसुटीत वाटतं, म्हणून आपणही तेच ओढून आणायचं कारण नाही.

न्यूयॉर्कची गोष्ट नेमकी उलटी. तिथे महापौर बिल डी ब्लाझियो यांनी १२ मार्च २०२० रोजी शहरात आणीबाणी जाहीर केली. त्या राज्याच्या कायद्यात स्थानिक आणीबाणीची घोषणा तीस दिवसांच्या वर टिकत नाही, आणि तिच्याखाली काढलेले आदेश तर पाच दिवसांतच संपतात. त्यामुळे महापौरांच्या कचेरीतून दर पाच दिवसांनी मागचे आदेश पुढे चालवणारा नवा आदेश निघत राहिला. तिथे ‘मुदतवाढ’ हा शब्द शंभर टक्के बरोबर. एकाच साथीत, एकाच देशात, दोन शहरांच्या बातम्यांना मराठीत दोन वेगळी क्रियापदं लागतात, आणि इंग्रजी दोन्हीकडे तेच एक वापरून मोकळी होते.

हा भेद आपल्या घरच्या इतिहासातही आहे. २५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झालेली आणीबाणी २१ मार्च १९७७ रोजी उठली. या काळात तिला एकदाही मुदतवाढ द्यावी लागली नाही, कारण संसदेने एकदा मंजुरी दिली की ती बेमुदत चालेल अशीच तेव्हाची तरतूद होती. मुदतवाढ मिळाली ती लोकसभेला, १९७६ साली. तिची पाच वर्षं भरत आली होती. दर सहा महिन्यांनी आणीबाणीला संसदेची नव्याने मंजुरी लागेल, ही अट १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आली. म्हणजे आता आपल्याकडे तशी वेळ आलीच तर ‘आणीबाणीला मुदतवाढ’ हा शब्दप्रयोग शुद्ध ठरेल. १९७६ मध्ये तो चूक ठरला असता.

आता ‘आणीबाणी’. हा शब्द ऐकला की आपल्याला सेन्सॉर, मिसा आणि येरवडा आठवतं, म्हणून काही जण ‘आपत्कालीन स्थिती’ सुचवतात. मला पटत नाही. ‘ऐन आणीबाणीच्या वेळी’ हा वाक्प्रचार १९७५ च्या कितीतरी आधीचा आहे. इंदिरा गांधींनी तो शब्द आपल्यापासून हिरावून नेला असं मानायचं कारण नाही. शिवाय ३० जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने जो इशारा दिला, त्याला मराठी वृत्तपत्रांनी सर्रास ‘आरोग्य आणीबाणी’ म्हटलं आणि कुणाचा गैरसमज झाला नाही. फक्त सोबतचं क्रियापद जपून वापरावं. ‘लादली’ म्हणालात की तुम्ही पक्ष घेतलात. ‘पुकारली’ला संपाचा आणि बंदचा वास आहे. शहराने ‘जाहीर केली’ पुरे.

‘स्थानिक’ चुकीचा नाही, पण आपल्या कानाला तो ‘स्थानिक रहिवासी’ किंवा ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ यांतला वाटतो. हद्द सांगण्याचं काम तो नीट करत नाही. त्याच सुमारास कॅलिफोर्निया राज्याचीही आणीबाणी चालू होती (दोन्ही एकाच दिवशी, ४ मार्च २०२० ला जाहीर झाल्या: शहराची महापौर एरिक गार्सेटी यांच्याकडून, राज्याची गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्याकडून), म्हणून फरक दाखवणं गरजेचं आहे. ‘शहरापुरती आणीबाणी’ म्हणा. ‘पुरता’ असला शब्दयोगी अव्यय हाताशी असताना विशेषण शोधत का बसायचं?

‘नगरपरिषद’ मात्र सरळ चूक. महाराष्ट्रात नगरपरिषद लहान शहराची असते. चाळीस लाखांच्या आसपास वस्तीच्या लॉस एंजेलिसला ती लावणं म्हणजे मुंबईला नगरपालिका म्हणणं. ‘महापालिका सभागृह’ किंवा नुसतं ‘सिटी कौन्सिल’ चालेल. आणि मजकुरात कुठेतरी अर्धं वाक्य टाका की तिथल्या महापौरांच्या हाती कारभाराची सूत्रं असतात. नाहीतर मराठी वाचक अडखळेल, कारण मुंबईत २०२० मध्ये असे आदेश महापौरांच्या नव्हे, आयुक्तांच्या सहीने निघत होते, आणि तेही १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधाराने. मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळी केलेला तोच कायदा.

तेव्हा मथळा असा करता येईल: ‘लॉस एंजेलिसमध्ये शहरापुरती आणीबाणी कायम’. संपादक जागेला कंजूष असतील तर ‘शहरापुरती’ उपमथळ्यात ढकला.

पुढची बातमीही तुमच्याकडे येणार असेल, तर १ फेब्रुवारी २०२३ ला ती आणीबाणी संपली तेव्हा ‘मागे घेतली’ लिहू नका. मागे घेतो तो निर्णय, आणि त्यात निर्णय चुकल्याची किंवा दबावापुढे नमल्याची छटा येते. आणीबाणी ‘उठवली’. त्या तारखेकडे तिथल्या भाडेकरूंचं बारीक लक्ष होतं, कारण भाडं थकल्यावरून घराबाहेर न काढण्याचं संरक्षण तिला बांधलेलं होतं: ऑक्टोबर २०२१ ते जानेवारी २०२३ मधली थकबाकी फेडायला १ फेब्रुवारी २०२४ पर्यंत वेळ होता, आणि भाडेनियंत्रणाखालच्या घरांची भाडेवाढ ३१ जानेवारी २०२४ पर्यंत गोठवलेली होती. इथे थकबाकीदारांना जी मिळाली तिला ‘सवलत’ म्हणा, ‘माफी’ नको; भाडं माफ झालं नव्हतं.