७५ फ्रेम्स

प्रिय पोरी,

तुझी पैठणीवरची एक मिनिटाची फिल्म काल रात्री पाहिली आणि आज सकाळी पुन्हा दोनदा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मी स्क्रीनसमोर फारसा बसत नाही, हे ध्यानात घेऊन पुढचं वाच.

देशाच्या संस्कृतीची ही मिनिट-मिनिटाची आरती करावी की करू नये, ती शेवटी जाहिरातच ना, आणि निवेदन कुणाकडून लिहून घ्यावं, असं तू विचारलंयस. पहिल्या दोन प्रश्नांत मला रस नाही. काम मिळालंय, कर. निवेदनाचं नंतर बघू. आधी मला एक सांग, येवल्याला त्या मागावर बसलेल्या बाईंचं नाव काय?

पत्रात ते नाही आणि फिल्ममध्येही नाही. फाइलला तू 'पैठणी फायनल ३' असं नाव दिलंयस. दोन दिवस त्यांच्या घरात शूटिंग केलंस, त्यांच्या हातचं जेवलीस, त्यांच्या माठातलं पाणी किती गार होतं हेसुद्धा कळवलंस. नाव नाही.

चिडतोय कारण हे मी स्वतः केलंय. १९८६ साल. टीव्हीसाठी मी तेव्हा चार-चार मिनिटांचे फिलर करत असे. दोन कार्यक्रमांमध्ये भोक पडलं की ते बुजवायला हे लागायचे. एक फिलर पुण्याच्या तांबट आळीवर होता. एक म्हातारे गृहस्थ तांब्याच्या बंबावर मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, काढत बसले होते. ठोक्याला ठोका लागून, रांगेने, हात जराही न अडखळता. चुकलेला ठोका डोळ्यांच्या आधी कानाला कळतो, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मी काय केलं? त्या ठोक्यांवर सतार चढवली. आणि निवेदनात लिहिलं, 'पिढ्यान्‌पिढ्या ही कला जपणारे हे अनाम कारागीर.'

अनाम! अगं, समोर बसले होते ते. दिवसभर मी त्यांना 'काका, जरा इकडे बघा', 'काका, पुन्हा एकदा' म्हणत होतो आणि ह्यालाच जिव्हाळा समजत होतो. त्यांना नाव नव्हतं असं थोडंच? मी विचारलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी एका बाईंचा फोन आला. वडील गेले होते, टीव्हीवर एकदा दिसले होते म्हणे, ती फिल्म मिळेल का? टेप केव्हाच पुसून दुसऱ्या कामाला लागली होती. यू-मॅटिकच्या व्हिडिओ टेपा महाग असायच्या, पुसून पुन्हा वापरायचा तेव्हा रिवाजच होता. माझ्या फायलीत क्यूशीट, म्हणजे कार्यक्रमाच्या टिपणाचा कागद, तेवढी सापडली. तिच्यावर माझ्याच अक्षरात : 'ताम्रकाम, वृद्ध कारागीर, ४ मि.' त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे ते बाबाच होते की नाही, हेही तुम्हाला सांगता येणार नाही?" नाही आलं सांगता.

आता माझी बाजूही ऐक. तेव्हा अक्षरं टाकायला आजच्यासारखा कॉम्प्युटर नव्हता. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने कॅप्शन लिहून घ्यायची, मग ते कार्ड कॅमेऱ्यापुढे धरायचं. कॅप्शन लिहिणारा त्या आठवड्यात रजेवर होता आणि एडिटिंगची शिफ्ट संध्याकाळी सहाला संपत होती. हे सगळं खरं आहे. ह्यातल्या एकाही गोष्टीमुळे मला त्यांचं नाव विचारायची अडचण नव्हती, हेही खरं आहे. तरी रजेवरच्या त्या माणसाला मी बरीच वर्षं बोल लावला.

तुझे निर्माते म्हणतात, साठ सेकंदांत जागा कुठे आहे? हिशोब करू. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला २५ फ्रेम्स. तुझ्या मिनिटात झाल्या १५००. नाव आरामात वाचायला तीन सेकंद लागतात, म्हणजे ७५. वाड्याभोवती फिरणाऱ्या ड्रोनला तू नऊ सेकंद दिली आहेस, म्हणजे २२५ फ्रेम्स. बाईंना ७५ दे.

'मिले सुर मेरा तुम्हारा' ह्या गाण्यात तरी नावं कुठे होती, असा ते दाखला देतात, हे तू लिहिलंयस. १५ ऑगस्ट १९८८ ला ते पहिल्यांदा लागलं तेव्हा मीही टीव्हीसमोर खिळून बसलो होतो. पण भीमसेन जोशींच्या चेहऱ्याखाली नाव लिहायची गरज काय? त्यातला हत्तीवरचा माहूत आठवतो ना? सांग बरं त्याचं नाव. मी एवढंच म्हणतोय.

आणि त्यांचं ते दुसरं वाक्य, 'भारतीय कलाकार नावाच्या मागे कधी लागला नाही, निनावी राहिला हेच त्याचं मोठेपण.' हे सहसा असा माणूस बोलतो, ज्याचं स्वतःचं नाव श्रेयनामावलीत पहिलं असतं. त्यांना कार्ल्याच्या लेण्यांना ने. लोणावळ्याजवळच आहे, गाडी पायथ्यापर्यंत जाते. चैत्यगृहाच्या दाराशी ब्राह्मीत कोरलंय की हे दाराचं काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केलं, वेणुवासाच्या मुलाने. बापाच्या नावासकट! पितळखोऱ्याच्या लेण्यांतल्या यक्षाच्या मूर्तीच्या हातावर कोरलंय, कण्हदास सोनाराने हा केला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नीने दगडात नाव घालायला लोकांना सवड होती. तुला कीबोर्डवर टाइप करायचंय.

कार्ल्यालाच दुसराही एक लेख आहे. वैजयंती नगरीचा श्रेष्ठी, म्हणजे धनिक व्यापारी, भूतपाल म्हणतो, जंबुद्वीपातलं हे सर्वोत्तम शैलगृह, म्हणजे लेणं, मी पुरं केलं. बघ, 'जगात भारी' हे निवेदन किती जुनं आहे ते! श्रेष्ठींना ते शोभतं, पैसा त्यांचा होता. तू मात्र सामीच्या बाजूने लिही.

निवेदनाचं आता सांगतो. 'सातवाहन काळापासून अखंड चालत आलेली वैभवशाली परंपरा' हे वाक्य काढ. म्हणून पाहिलं, चार सेकंद जातात, म्हणजे शंभर फ्रेम्स. नावाची सोय झाली आणि वर २५ उरल्या. त्यांत काय घालायचं तेही सांगतो. पहिल्या कटमध्ये बाविसाव्या सेकंदाला ताण्यातला एक तार तुटतो. बाई थांबतात, चष्मा कपाळावर सरकवतात, दोन्ही टोकं चिमटीत धरून पीळ देतात आणि स्वतःशीच "मेला" असं काहीतरी पुटपुटतात. मग हात पुन्हा तिल्ल्यांकडे, नक्षीच्या धाग्यांच्या त्या छोट्या कांड्यांकडे, जातो, पदरातला मोर पुढे विणायला. तिसऱ्या कटमध्ये तू ते उडवलंस. का? देशाच्या गौरवात तुटलेला तार बसत नाही म्हणून? पैठणीचं काम मला कळलं ते त्या चार सेकंदांत. बाकी सगळं कॅलेंडर आहे. छान आहे, पण कॅलेंडर. तो शॉट परत घाल, आणि नाव त्यावरच येऊ दे. वर संगीत चढवू नकोस. पुटपुटणं ऐकू आलं पाहिजे.

तू म्हणशील, सर, तुमचं तरी नाव कुठे उरलंय? नाही उरलं, आणि मला ते खुपतं. 'एक चिड़िया, अनेक चिड़ियाँ' हे कार्टून आमच्या आणि तुमच्या पिढीला तोंडपाठ आहे. १९७४ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी ते विजया मुळे ह्यांनी केलं, हे मराठी घरांतसुद्धा किती जणांना ठाऊक आहे? त्यांच्यासारख्यांची ही गत, तिथे फिलरवाल्याला कोण विचारतो! कदाचित म्हणूनच मी ह्या नावाच्या पायी इतका हट्टाला पेटलो असेन. असू दे. कारण काहीही असो, मागणी चुकीची नाही.

निर्माते अडून बसले तर भांड. आवाज चढवू नकोस, नुसती कार्ल्याची गोष्ट सांग आणि ७५चा आकडा सांग. एवढ्यावर काम काढून घेतलं तर मला फोन कर, रात्री दहाच्या आत.

आज दुपारी येवल्याला फोन लाव. बाई दुपारी दोनच्या सुमाराला मोकळ्या असतात, तूच लिहिलंयस. त्यांना पूर्ण नाव विचार आणि त्या लिहितात तसंच ते त्यांच्याकडून कागदावर लिहून माग. कुणालातरी फोटो काढून पाठवायला सांग. ऱ्हस्व-दीर्घ तू सुधारायचं नाही, त्यांनी लिहिलं तसंच कॅप्शन.

आणि ३७ व्या सेकंदाला मागच्या दारात पाठमोरे बसून कांड्या भरतायत, ते कोण?