साहित्य : आजीच्या वहीतले आणि ग्रंथालयातले

सिंगापूर, शनिवार रात्र

प्रिय मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. रव्याचे लाडू करायचे म्हणून आजीने तिची पाककृतींची वही काढली, तर तिच्यात प्रत्येक पदार्थाच्या नावाखाली ‘साहित्य’ असे लिहून पुढे रवा, तूप, साखर अशी यादी होती. आणि त्याच संध्याकाळी तू आजोबांबरोबर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलीस, तेव्हा तिथे पुस्तकांनाही सगळे ‘साहित्य’च म्हणत होते. एकच शब्द दोन्हीकडे कसा, असे तू विचारले आहेस. पत्राच्या शेवटी घाईघाईने लिहिलेला दुसरा प्रश्न मला त्याहूनही मोलाचा वाटला : आजी दुपारी निवडण करताना ज्या जात्यावरच्या ओव्या गुणगुणते, त्या कोणत्याच पुस्तकात नाहीत, मग ते साहित्य आहे की नाही? फोनवर मी ‘आहे’ एवढे म्हणून मोकळी झाले असते, परंतु त्या एका शब्दाने तुझे समाधान झाले नसते आणि माझेही नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

दोन्ही ठिकाणचा शब्द एकच आहे आणि तो योगायोग नाही. ‘सहित’ म्हणजे सोबत असलेले, आणि सोबत असण्याचा भाव म्हणजे साहित्य. लाडू वळायला बसण्यापूर्वी रवा, तूप, साखर, वेलदोडे सगळे हाताशी आणून ठेवावे लागते. पूजेचे साहित्य, बांधकामाचे साहित्य असे आपण म्हणतो तेही याच अर्थाने. भामह नावाच्या प्राचीन संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याची व्याख्या करताना हाच शब्द योजला : ‘शब्दार्थौ सहितौ काव्यम्’, म्हणजे शब्द आणि अर्थ एकमेकांसोबत असणे हेच काव्य. तू लगेच म्हणशील की शब्द आणि अर्थ तर सगळीकडेच सोबत असतात, रेल्वेच्या वेळापत्रकातसुद्धा. असतात, पण तिथली सोबत सैल असते. ‘कल्याणला जाणारी गाडी दहा मिनिटे उशिरा धावत आहे’ हे वाक्य तू कसेही फिरवून सांगितलेस, तरी फलाटावर उभ्या असलेल्या माणसाचे काही अडत नाही. साहित्यात तसे करता येत नाही, कारण तिथे शब्द हलवला की अर्थही जागचा हलतो. ‘वाङ्मय’ हा शब्दही तुझ्या कानावर पडेल. त्याचा मूळ अर्थ वाणीने बनलेले सर्व काही असा व्यापक आहे आणि वैद्यकाचा किंवा कायद्याचा ग्रंथही त्यात बसू शकतो. व्यवहारात मात्र आपण हे दोन्ही शब्द पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो, तेव्हा त्यावर फार अडून राहू नकोस.

आता आजीचीच एक ओवी घे. ती तिच्या आईची, म्हणजे तुझ्या पणजीची आहे आणि मी लहानपणापासून ऐकत आले आहे :

बंदराला बोट लागे, उभी पाहते दुरून
माझे उतरेना कुणी, डोळे आले गं भरून

यातली माहिती एका ओळीत संपते : पणजोबा त्या बोटीने आले नाहीत. ते लालबागला गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते, एका खोलीत दहाबारा जणांबरोबर राहत आणि खाणावळीत जेवत, आणि पणजी विजयदुर्गाजवळच्या गावी सासूसासऱ्यांपाशी राहत असे. आता शब्दांकडे बघ. पतीचे नाव घ्यायचे नाही ही त्या काळची रीत होती, म्हणून ती ‘माझे कुणी’ म्हणते, आणि जे नाव तोंडातून निघू शकत नाही ते त्या ‘कुणी’मध्ये उभे राहते. ती ‘दुरून’ पाहते, कारण तरण्या सुनेने धक्क्यावर जाऊन वाट पाहणे चारचौघांत बरे दिसले नसते. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद होत, त्यामुळे मे महिन्याच्या अखेरची बोट रिकामी गेली की पुढची भेट थेट पाऊस सरल्यावर. हे ओवीत कुठेही सांगितलेले नाही, पण शेजारच्या घरात दळत बसलेल्या बाईला ते सांगावे लागत नव्हते. पणजी हे दुःख सासूजवळ बोलू शकत नव्हती. पहाटेच्या अंधारात, जात्याचा खुंटा हातात धरून, पिठाच्या घरघरीत ती ते बोलू शकत होती, कारण दळताना ओवी म्हणायला कोणाचीच हरकत नसे. ‘बंदराला’ या शब्दाऐवजी ‘धक्क्याला’ घालून म्हणून पाहा. एक अक्षर कमी पडेल, ते गाताना ओढून भरताही येईल, पण ‘बंदर’ म्हणताना जी दूरवर पसरलेली खाडी डोळ्यांपुढे येते ती नाहीशी होईल. मी साहित्य म्हणते ते याला, आणि म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर निःशंकपणे होकारार्थी आहे.

साहित्याचा उपयोग काय, असे तू थेट विचारलेले नाहीस, पण शाळेत तुला विचारतील. माझ्या शाळेत प्रत्येक कवितेखाली ‘या कवितेतून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न ठरलेलाच असे आणि मी दरवेळी काहीतरी बोध शोधून लिहीत असे, त्यामुळे कित्येक चांगल्या कविता मला पुढे अनेक वर्षे नकोशा झाल्या. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने काव्याची प्रयोजने मोजली आहेत. त्यांत कीर्ती आहे, धन आहे, व्यवहाराचे ज्ञान आहे, अमंगलाचा नाश आहे, प्रिय व्यक्तीने समजावावे तसा गोड उपदेशही आहे, आणि त्याबरोबरच ‘सद्यः परनिर्वृती’ आहे, म्हणजे वाचता वाचता, ऐकता ऐकता तत्क्षणी मिळणारा परम आनंद. माझ्या मते हा आनंद पहिला. तो मिळाला नाही तर बाकीची प्रयोजने सिद्ध करण्यासाठी साहित्याची गरज नाही, ती दुसऱ्या मार्गांनीही साधतात.

एक गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली आहे आणि ती कोणत्याही व्याख्येहून मला जवळची आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले पुष्कळ जण पुन्हा कधीच कामावर गेले नाहीत. आपल्या चाळीत शेवटच्या खोलीत राहणारे तात्या त्यांपैकी एक. ते सही करण्यापुरते शिकलेले होते. संध्याकाळी गॅलरीत दिव्याखाली बसून मी दिवाळी अंक वाचत असे तेव्हा ते जवळ येऊन बसत आणि ‘मोठ्याने वाच’ म्हणत. एकदा मी त्यांना एक कथा वाचून दाखवली. तिच्यातली बाई मुलाच्या औषधासाठी मंगळसूत्र गहाण टाकायला सराफाच्या पेढीपर्यंत जाते आणि पायरीवर उभी राहते, तिथेच कथा संपते. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बादल्यांची रांग लागलेली असताना तात्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, ‘पोरी, ती बाई आत गेली असेल का गं?’ तात्यांच्या स्वतःच्या घरातली भांडी तेव्हा एकेक करून विकली जात होती, हे सगळ्या चाळीला माहीत होते. तरीही जी बाई कधी अस्तित्वातच नव्हती तिच्यासाठी त्यांना रात्री झोप लागली नव्हती. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मला उत्तर देता आले नाही. तो प्रश्न त्यांच्याकडून वदवून घेणारे सामर्थ्य त्या पाच पानांत होते, एवढे मात्र मला त्या वयातही कळले.

ग्रंथसंग्रहालयातल्या कपाटांवर कथा, कादंबरी, कविता, नाटक, चरित्र, प्रवासवर्णन अशा पाट्या पाहून तू ‘इतके प्रकार कशाला?’ असेही लिहिले आहेस. स्वयंपाकघरात कढई, तवा आणि मोदकपात्र वेगवेगळे का असतात याचा विचार कर. जे सांगायचे असते ते आपल्याला साजेसे भांडे मागते, आणि माणसांचे जगणे बदलले की नवे भांडेही घडवावे लागते. ओवी दळणाच्या लयीतून आली. तीच ओवी ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये गीतेवरील भाष्यासाठी घेतली, तिचे तीन चरण यमकाने बांधले, चौथा आखूड ठेवला आणि बायकांच्या जात्यावरच्या छंदात तत्त्वज्ञान सांगितले. मराठीत याहून मोठे धाडस कोणी केले असेल असे मला वाटत नाही. अभंग टाळमृदंगाबरोबर चालत आला, पोवाडा डफाच्या तालावर उभ्याने म्हणायचा. लांबलचक गद्य कथेला आपण कादंबरी म्हणतो ते बाणभट्टाच्या सातव्या शतकातल्या एका संस्कृत गद्यकाव्यामुळे, त्या ग्रंथाचे नावच मराठीत प्रकाराचे नाव झाले. मराठीतली पहिली मानली जाणारी कादंबरी बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’, १८५७ सालची, आणि ती विधवांच्या दुःस्थितीविषयी आहे. वर्षानुवर्षे सोसलेले जे दुःख एका ओवीत मावत नाही, त्याला तेवढेच ऐसपैस भांडे लागते. दिवाळी अंकाची प्रथाही आपल्या मुंबईतलीच : काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला.

मुंबईने आणखी एका प्रकाराला वेगळेच वळण दिले. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे लहान असताना वाटेगावहून वडिलांबरोबर पायी मुंबईला आले, शाळा त्यांना जवळजवळ मिळालीच नाही, आणि त्यांनी गिरणीत काम केले. त्यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगावी गेली. तमाशाच्या फडातला हा प्रकार शृंगारासाठी प्रसिद्ध होता. अण्णाभाऊंनी त्यात आधी गावी राहिलेल्या बायकोचा विरह मांडला आणि मग त्याच विरहाला जोडून महाराष्ट्रापासून तुटलेल्या मुलखाची व्यथा सांगितली. आजोबांना विचार, मैदानात बसलेल्या गिरणी कामगाराला दोन अर्थ समजावून सांगावे लागत होते का? त्याची स्वतःची मैना गावीच होती. पणजीची ओवी आणि ही छक्कड शेजारी ठेव, म्हणजे एकाच समुद्राचे दोन काठ तुला दिसतील : एका काठावर वाट पाहणारी, दुसऱ्या काठावर परत जाऊ न शकणारा.

आत्मकथनाविषयी थोडे लिहिते, कारण ते तू दोनतीन वर्षांनी वाचावेस अशी माझी इच्छा आहे. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये मुंबईच्या ‘ग्रंथाली’ने काढले. त्यात याच शहरातल्या कावाखाना नावाच्या वस्तीतले बालपण आहे. ते वाचल्यावर मला पहिल्यांदा जाणवले की ज्या मुंबईत मी जन्मले तिचे कितीतरी रस्ते मी नुसते ओलांडले होते, पाहिले नव्हते. यालाही आनंद म्हणायचे का, असा प्रश्न तुला पडेल. सुखाची झुळूक म्हणजे आनंद असे धरले तर नाही, पण वाचून संपल्यावर मी ते पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतले होते.

पुन्हा तुझ्या ओव्यांकडे येते. पुस्तकात नसणे हा कमीपणा असता तर बहिणाबाई चौधरींची कविता कुठेच राहिली नसती. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात आणि जात्यावर त्या गाणी रचत आणि म्हणत, घरातल्या माणसांनी त्यांतली काही उतरवून घेतली, आणि १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली तेव्हा १९५२ मध्ये ती छापून आली. कोणी उतरवून घेतली नाहीत अशी त्यांची किती गाणी असतील, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करतो, आणि तुझे पत्र वाचल्यापासून तर अधिकच.

म्हणून एक काम तुझ्यावर सोपवते. आजी ओव्या म्हणेल तेव्हा वही घेऊन बस आणि ती जशा म्हणते तशाच लिही. ती ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली तर ‘पानी’च लिही, शाळेतले शुद्धलेखन तिथे लावू नकोस. कोणाकडून ऐकली आणि कोणते काम करताना म्हणत, तेही शेजारी नोंदव. तिला एकदम ‘सगळ्या सांग’ म्हणू नकोस, तशी ती अवघडेल. तिच्याबरोबर शेंगा सोलायला बस, म्हणजे आपोआप एकेक येईल. पावसाळ्याची एक ओवी मला अर्धीच आठवते :

चूल पेटता पेटेना, ओली लाकडे गं सारी

पुढची ओळ काही केल्या आठवत नाही, दोन दिवस प्रयत्न करते आहे. शेवट ‘दारी’ असा काहीतरी होता. हे पत्र मिळाले की आजीला विचारून फोनवर सांग.

तुझी,
आई