ड्रायव्हर नवा, कार्ड दणकट, तरी व्हिडिओ अडकतोय

या वेळी बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरणारे आलेत, मोठा व्हिडिओ लावला की मशीन गुडघे टेकतं, म्हणून सगळे एकत्रच घेतो. एक विनंती आधीच करून ठेवतो, 'व्हिडिओ नीट चालत नाही' एवढंच लिहून पाठवू नका, फाईलचा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत), रिझोल्यूशन, रंग किती बिटचा आणि कार्ड कुठलं एवढं तरी कळवा, नाहीतर मी पण अंदाजपंचेच उत्तर देणार.

प्रश्न : सर, माझ्याकडे ३६० डिग्री कॅमेरा आहे, ५.७के मधे शूट करतो. कॉम्प्युटरवर व्हिडिओ लावला की चित्र थांबत थांबत सरकतं, आवाज मात्र आपला पुढे निघून जातो, सीपीयू शंभर टक्के आणि पंख्याचा नुसता घोंघाट. ग्राफिक कार्ड नवीन आहे, मोठमोठे गेम मस्त चालतात, फोनवर काढलेला ४के व्हिडिओ पण एकदम स्मूथ. ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढून परत टाकून झाला. कार्ड फॉल्टी आहे का? मीडियाइन्फोचा (फाईलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा) रिपोर्ट सोबत जोडलाय.

उत्तर : कार्ड फॉल्टी नाहीये, परत करायला जाऊ नका. तुमच्या रिपोर्टमधल्या दोन ओळींत सगळं आलंय. फॉरमॅट एव्हीसी, म्हणजेच एच.२६४, आणि साईज ५७६०×२८८०. इथेच गाडं अडलंय.

गेम चालवणारा कार्डाचा भाग वेगळा आणि व्हिडिओ उलगडणारा भाग वेगळा. व्हिडिओ डीकोड करायला चिपवर एक छोटासा स्वतंत्र ब्लॉक असतो, त्याला ठराविक कोडेक ठराविक मापापर्यंतच येतात आणि ते माप कारखान्यातच ठरलेलं असतं. गेली कित्येक वर्षं विकल्या गेलेल्या बहुतेक कार्डांत एच.२६४ साठी ही मर्यादा रुंदीला ४०९६ पिक्सेल आहे. तुमची फ्रेम ५७६० रुंद. पुलाखाली उंचीचा आडवा बार लावलेला असतो ना, त्याला ट्रकचं इंजिन किती ताकदीचं आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, तसंच आहे हे. प्लेअर ड्रायव्हरला विचारतो की एवढी एच.२६४ घेशील का, ड्रायव्हर नाही म्हणतो, आणि प्लेअर तुम्हाला काहीही न सांगता गुपचूप सगळं काम सीपीयूवर टाकतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच, हे गुपचूप टाकणं, कारण माणूस मग कार्ड आणि ड्रायव्हरच्याच मागे लागतो.

खात्री करायचीय? व्हिडिओ चालू ठेवा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समधे जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक कार्डाच्या चिपवर) क्लिक करा आणि 'व्हिडिओ डीकोड' नावाचा आलेख बघा, काही कार्डांवर तो 'व्हिडिओ कोडेक' नावाने दिसतो. फोनचा ४के व्हिडिओ लावला की ती रेघ वर उचललेली दिसेल, ३६० वाला लावला की तळाला सपाट. एमपीव्ही प्लेअर वापरत असाल तर शिफ्ट धरून आय दाबा, स्क्रीनवर माहिती येते, त्यात हार्डवेअर डीकोडिंग चालू आहे की नाही ते लिहिलेलं असतं आणि किती फ्रेम गळल्या तेही. फक्त एक लक्षात ठेवा, एमपीव्हीमधे हार्डवेअर डीकोडिंग मुळात बंदच असतं, कंट्रोल-एच दाबून चालू करावं लागतं, बरेच जण ते न करताच 'एमपीव्हीवर पण अडकतो म्हणजे कार्डच गेलं' असं म्हणून मोकळे होतात.

आता उपाय. तेच चित्र एचईव्हीसीमधे, म्हणजे एच.२६५ मधे असतं तर काही प्रॉब्लेम नव्हता, कारण एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०५०-१०६० वाल्या पिढीपासून पुढे एचईव्हीसीची मर्यादा ८१९२×८१९२ आहे, आणि बाकीच्या कंपन्यांच्या नव्या चिपवर पण ८के एचईव्हीसी चालतं. तेव्हा पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंगमधे कोडेक बदलता येतो का बघा, बऱ्याच कॅमेऱ्यांत तो पर्याय कुठेतरी खोल मेनूत दडवलेला असतो. जुन्या फाईली असतील त्या हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या कन्व्हर्ट करणाऱ्या प्रोग्रॅमने एकदाच एचईव्हीसी करून घ्या. मूळ फाईल मात्र उडवू नका, कारण प्रत्येक वेळी कन्व्हर्ट करताना थोडी क्वालिटी जाते, आणि दुसरं म्हणजे 'हा ३६० व्हिडिओ आहे' हे सांगणारा मेटाडेटा कन्व्हर्ट करताना उडू शकतो, मग प्लेअर तो सपाट, ताणलेल्या नकाशासारखा दाखवतो आणि माऊसने फिरवता येत नाही. तो मेटाडेटा परत घालता येतो, पण व्याप आहे, आधी एक छोटी क्लिप करून बघा आणि मग बाकीच्याला हात घाला.

प्रश्न : यूट्यूबवर ४के ठीक चालतं, पण ८के लावलं की स्लाईडशो. नेट फास्ट आहे. माझं कार्ड एनव्हिडियाच्या २० सिरीजमधलं आहे. लेटेस्ट ड्रायव्हर टाकला तर एव्ही१ या नव्या कोडेकचा सपोर्ट येईल असं एका मित्राने सांगितलं, खरं आहे का?

उत्तर : नाही, आणि मित्राला पण सांगा. ड्रायव्हर म्हणजे चिपमधे जे आहे ते वापरायचं सॉफ्टवेअर, चिपमधे नसलेला ब्लॉक तो उगवून आणू शकत नाही. एव्ही१ डीकोड करणारा ब्लॉक ग्राफिक कार्डांत २०२० मधे यायला लागला, एनव्हिडियाची ३० सिरीज, इंटेलचे ११ व्या पिढीतले लॅपटॉप प्रोसेसर, एएमडीची ६००० सिरीज. त्यातही गंमत म्हणजे एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी २०२२ मधलं, तरी त्यात एव्ही१ डीकोड नाही, म्हणजे नुसतं साल बघून पण कार्ड घेऊ नका.

यूट्यूब १०८०पी च्या वर एच.२६४ देतच नाही, व्हीपी९ किंवा एव्ही१ देतं, आणि ८के बहुतेक वेळा एव्ही१ मधेच येतं. व्हिडिओवर राईट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा, कोडेकच्या ओळीत 'एव्ही०१' ने सुरू होणारं काहीतरी दिसलं की समजायचं हे तुमच्या कार्डाच्या आवाक्याबाहेर आहे आणि सगळा भार सीपीयूवर पडतोय. त्याच चौकटीत ड्रॉप झालेल्या फ्रेमचा आकडा पण असतो, ८के वर तो धावत सुटलेला दिसेल. ४के ला व्हीपी९ मिळत असेल तर तुमचं कार्ड ते आरामात करतं, म्हणून ते ठीक चालतंय.

आणि खरं सांगू का, तुमचा मॉनिटर ८के नसेल तर हा सगळा खटाटोप कशासाठी? ८के म्हणजे ७६८०×४३२०, ३ कोटी ३१ लाखांच्या वर पिक्सेल, ४के च्या बरोब्बर चौपट, आणि ते सगळे उलगडून शेवटी लहान करूनच तुमच्या स्क्रीनवर येणार. ४के लावा आणि बघा निवांत.

प्रश्न : ८के १०-बिट क्लिप टाइमलाइनवर टाकली की मधेच स्क्रीन काळी होते, मग परत येते आणि 'डिस्प्ले ड्रायव्हर स्टॉप्ड रिस्पॉन्डिंग अँड हॅज रिकव्हर्ड' असा मेसेज. कधीकधी एडिटिंग सॉफ्टवेअरच बंद पडतं. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) टीडीआर डिले वाढवायला सांगतात सगळे. करू का? कार्डाची मेमरी ४ जीबी आहे.

उत्तर : थांबा जरा. टीडीआर ही विंडोजची राखण आहे. जीपीयूला दिलेलं काम साधारण २ सेकंदांत हललं नाही तर विंडोज समजतं की हा अडकला, आणि ड्रायव्हरला रीसेट करतं. इव्हेंट व्ह्यूअरमधे ४१०१ नंबरची नोंद सापडेल तुम्हाला. डिले वाढवला म्हणजे राखणदाराला उशिरा उठायला सांगितलं एवढंच, काम का अडकलं ते तसंच राहतं, फक्त काळी स्क्रीन यायच्या आधी मशीन अजून जास्त वेळ गोठलेलं बसतं.

का अडकतं याचा हिशोब करून बघू. १०-बिट ४:२:० ची (म्हणजे रंगाची माहिती कमी करून साठवलेली) उलगडलेली एक फ्रेम मेमरीत पिक्सेलमागे ३ बाईट घेते, म्हणजे ८के ची एक फ्रेम जवळजवळ १०० एमबी. डीकोडरला मागच्यापुढच्या काही फ्रेम एकदम हाताशी लागतात, त्यावर एडिटिंग सॉफ्टवेअर स्वतःच्या वेगळ्या फ्रेम साठवतं, कलर करायला त्या अजून मोठ्या फॉरमॅटमधे बदलतं, दोन क्लिप एकावर एक टाकल्या की सगळं दुप्पट. ४ जीबी कधी संपले कळत पण नाही. मग ड्रायव्हर साध्या रॅमकडे डेटा ढकलायला लागतो, ते कितीतरी हळू, आणि तिथेच २ सेकंद निघून जातात. टास्क मॅनेजरमधे 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' बघत बघत क्लिप चालवा, ती काठोकाठ भरल्यावरच स्क्रीन काळी होत असेल तर चोर सापडला. काळी स्क्रीन मेमरी अर्धी रिकामी असताना पण येत असेल तर मात्र ओव्हरक्लॉक केलं असेल (कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवत असाल) ते काढा, ड्रायव्हर पूर्ण पुसून नव्याने टाका, त्या केसमधे ड्रायव्हरवर संशय घ्यायला माझी ना नाही.

मेमरीचा प्रॉब्लेम असेल तर प्रॉक्सी बनवा. सॉफ्टवेअर मूळ क्लिपच्या छोट्या कॉपी करतं, तुम्ही त्यांच्यावर काम करता आणि शेवटी एक्सपोर्टच्या वेळी मूळ वापरल्या जातात. लोकांना हा कमीपणा वाटतो की काय कोण जाणे, पण भारी मशीनवर काम करणारे पण हेच करतात. आणि क्लिप ४:२:० आहे की ४:२:२ (यात रंगाची माहिती जास्त असते) ते एकदा तपासाच, मिररलेस कॅमेरे बऱ्याचदा १०-बिट ४:२:२ देतात आणि एनव्हिडियाच्या ५० सिरीजच्या आधीच्या कार्डांना ते हार्डवेअरमधे उलगडताच येत नाही, इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला मात्र एचईव्हीसी ४:२:२ जमतं. म्हणजे हजार गोष्टींत मागे असलेलं ते बिचारं इंटिग्रेटेड ग्राफिक्स इथे मोठ्या कार्डाच्या पुढे, तेव्हा बायोसमधे ते बंद करून ठेवलं असेल तर चालू करा.

प्रश्न : ४के ६० फ्रेमचा व्हिडिओ टीव्हीला जोडून बघतो. एकही फ्रेम ड्रॉप होत नाही, सीपीयू-जीपीयू दोन्ही निवांत, तरी कॅमेरा आडवा फिरला की झटके बसतात.

उत्तर : डीकोडिंग सोडा, केबल आणि पोर्ट बघा. डिस्प्ले सेटिंगमधे अ‍ॅडव्हान्स्डमधे जाऊन रिफ्रेश रेट (स्क्रीनवरचं चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं) वाचा, माझी पैज आहे ३० हर्ट्झ निघेल. एचडीएमआय १.४ वर ४के ३० च्या पुढे जात नाही, ६० साठी २.० लागतं, आणि साखळीतला एक जरी तुकडा जुना असला, पोर्ट, अडॅप्टर, केबल काहीही, की सगळं ३० वर येतं. बऱ्याच टीव्हींत त्या एचडीएमआय पोर्टसाठी जास्त बँडविड्थचा मोड वेगळा चालू करावा लागतो, ते पण बघा.

प्रश्न : कार्यक्रमासाठी ५ ४के स्क्रीन शेजारी शेजारी लावून एकच लांबलचक व्हिडिओ दाखवायचाय, १९२००×२१६०. ४ स्क्रीनपर्यंत चाचणी झाली, पाचवी जोडली की काळं.

उत्तर : ४ स्क्रीन म्हणजे १५३६०, ५ म्हणजे १९२००, आणि मधे कुठेतरी १६३८४ येतं. विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी ११ या ग्राफिक्स पद्धतीमधे एका टेक्स्चरची (कार्डाच्या मेमरीतल्या चित्राची) कमाल बाजू १६३८४ पिक्सेल आहे, त्याच्या पुढची फ्रेम एका तुकड्यात बनवताच येत नाही. व्हल्कन किंवा ओपनजीएल या तशाच दुसऱ्या पद्धतींवर काही कार्डं ३२७६८ दाखवतात, पण त्याच्या भरवशावर राहू नका, कारण डीकोडरची ८१९२ ची मर्यादा त्याच्या आधीच आडवी येते, तुमची चाचणी सीपीयूवर चालली असणार. व्हिडिओच कापा. दोन दोन स्क्रीनचा एक तुकडा म्हणजे ७६८०, असे दोन आणि शेवटचा ३८४० चा, तिन्ही एचईव्हीसीमधे, आणि एकाच घड्याळावर चालवणारं प्लेबॅक सॉफ्टवेअर वापरा, नुसते तीन प्लेअर हाताने एकदम सुरू केले तर पाचेक मिनिटांत शिवण दिसायला लागेल.

प्रश्न : लिनक्सवर फेडोरा अपग्रेड केल्यापासून एएमडी कार्डावर एचईव्हीसी सीपीयूवरच चालतंय, आधी नीट चालायचं.

उत्तर : तुमचं काही बिघडलेलं नाही. २०२२ मधे फेडोराने पेटंटच्या कारणाने आपल्या मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरच्या) पॅकेजमधून एच.२६४, एचईव्हीसीचं हार्डवेअर डीकोडिंग काढून टाकलं. आरपीएम फ्युजन या फेडोराबाहेरच्या पॅकेज-साठ्यातलं मेसाचं फ्रीवर्ल्ड पॅकेज टाका आणि व्हीए-इन्फो कमांड चालवून यादीत एचईव्हीसी परत आलंय का बघा.

प्रश्न : जुन्या १०८०पी व्हिडिओच्या खाली बारीक हिरवी पट्टी दिसते. स्क्रीन गेली का?

उत्तर : स्क्रीन ठीक आहे. एच.२६४ चित्राचे १६×१६ चे चौकोन पाडतं, १०८० ला १६ ने पूर्ण भाग जात नाही म्हणून आत १०८८ ओळी साठवल्या जातात आणि खालच्या ८ कापून दाखवायच्या असतात. कापायचं राहिलं की त्या रिकाम्या ओळी दिसतात, आणि व्हिडिओच्या रंगपद्धतीत सगळे आकडे शून्य असले की रंग काळा नाही, हिरवा येतो. प्लेअर अपडेट करा, नाही गेलं तर प्लेअरच्या सेटिंगमधे व्हिडिओ आउटपुट बदलून बघा. आणि हो, या प्रश्नात ड्रायव्हर अपडेट करून बघायला खरंच हरकत नाही.